खंडाळ्याच्या मॅडम मेनका

मॅगझिनच्या मराठी विभागात थोर व्यक्तीची ओळख करून द्यायची म्हटली की नावं जवळपास ठरलेलीच असतात. विश्वेश्वरय्या, होमी भाभा, कलाम सर, फार तर रामानुजन. इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यामुळे ते साहजिकच. मी मात्र या वेळी एका नाचणाऱ्या बाईवर लिहिणार आहे. हा शब्द मुद्दामच वापरलाय. आपल्या आज्यांच्या तोंडी तो अजूनही चांगल्या अर्थाने येत नाही, आणि ज्या बाईबद्दल मी लिहितेय तिचं अर्धं आयुष्य या शब्दाचा वास घालवण्यातच गेलं. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं ही विनंती!)

बर्डी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. प्रोजेक्टचे रेझिस्टर आणायला बर्डी, सेकंडहँड पुस्तकं घ्यायला बर्डी, आणि आता तर दोन्ही मेट्रो लाइन तिथेच एकमेकींना भेटतात. मेन रोडच्या आतल्या एका गल्लीत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर कथकचा क्लास होता आणि दहावीपर्यंत मी तिथे जात असे. खाली साड्यांचे भाव चालायचे, वर वीस मुलींचा तत्कार. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा द्यायच्या म्हणजे प्रॅक्टिकलबरोबर थिअरीचा पेपरही असतो, आणि त्यात घराणी नि गुरूंच्या जीवनी पाठ कराव्या लागतात. बिंदादीन महाराज, अच्छन महाराज, लच्छू महाराज, शंभू महाराज... सगळे पुरुष. माझ्या वहीत एका बाईचं नाव होतं, तेही दोन ओळींत: मॅडम मेनका, कथकवर आधारित बॅले, खंडाळा. खंडाळा? आपल्या पिढीला खंडाळा म्हटलं की 'गुलाम'मधला आमिर खान आठवतो. तिथे बॅलेची शाळा होती म्हणजे नेमकं काय होतं, हे मी पुढे शोधत गेले आणि हा लेख त्यातून निघाला.

मेनका हे त्यांचं स्टेजवरचं नाव. मूळ नाव लीला रॉय, जन्म १८९९ सालचा. वडील बंगाली बॅरिस्टर, आई विलायतेची. शिक्षण दार्जिलिंगच्या कॉन्व्हेंटमध्ये आणि नंतर लंडनला. घरात इंग्रजी, शाळेत इंग्रजी, आणि हातात व्हायोलिन. व्हायोलिन ती इतकं चांगलं वाजवायची की तिच्याकडे पाश्चात्त्य संगीतातली होतकरू मुलगी म्हणूनच बघितलं जायचं. भारतीय नाच तिने लहानपणी शिकलेला नव्हता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कथकची बहुतेक मोठी नावं नाचाच्या घरात जन्मलेली आहेत. पाळण्यातच 'ता थेई' ऐकून वाढलेली माणसं ती. लीला बाहेरून आली, उशिरा आली आणि इंग्रजीत विचार करत आली. आपल्याच भाषेतला निबंध लिहिताना डिक्शनरी उघडावी लागते त्या कुणालाही यातली अडचण वेगळी समजवायला नको.

पुढे त्यांचं लग्न साहिबसिंग सोखी यांच्याशी झालं. सोखी म्हणजे फौजेतले डॉक्टर आणि बायोकेमिस्ट. मुंबईच्या परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे ते पहिले भारतीय संचालक. १९३२ मध्ये त्यांनी ती खुर्ची घेतली. प्लेगच्या लशीवर काम करणारा नवरा आणि घुंगरू बांधणारी बायको, असं जोडपं त्या काळात किती असेल! सोखींनी या नाचाला आडकाठी केली नाही, पाठबळच दिलं, आणि युरोपच्या दौऱ्यापर्यंतची गोष्ट त्यामुळेच शक्य झाली.

आता त्या काळातली परिस्थिती थोडी सांगायला हवी, नाहीतर त्यांच्या धाडसाचा अंदाज येत नाही. कथक तेव्हा दोन ठिकाणी जिवंत होता. एक, लखनौ-बनारस-जयपूरकडच्या गुरूंच्या घरांत, जिथे तो बापाकडून मुलाकडे जायचा. दुसरं, तवायफांच्या कोठ्यांवर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नाच बंद करण्याची चळवळ झाली. तिने बायकांच्या नाचावर असा काही डाग लावला की चांगल्या घरातल्या मुलीने घुंगरू हातात घेणं म्हणजे घराण्याची अब्रू रस्त्यावर मांडणं झालं. अशा वेळी एका बॅरिस्टरची मुलगी, मोठ्या सरकारी अधिकाऱ्याची बायको लखनौच्या पंडित सीताराम मिश्रांकडे कथक शिकायला बसते आणि स्टेजवर जाताना स्वतःला नाव घेते ते थेट मेनकेचं! विश्वामित्राची तपश्चर्या मोडणाऱ्या अप्सरेचं. काहीतरी सोज्ज्वळ देवीचं नाव घेता आलं असतं की. पण नाही.

त्यांनी मान मिळवला हे खरं, पण तो मान वाटला गेला तेव्हा तवायफांच्या वाट्याला काही आलं नाही. ज्या बायकांनी ठुमरी आणि अभिनय इतकी वर्षं सांभाळला त्यांची नावं माझ्या थिअरीच्या वहीत एकही नव्हती. मेनकांनी एकटीने हे केलं असं नाही. तेव्हाच्या सगळ्याच सुशिक्षित लोकांनी नाच 'स्वच्छ' केला, आणि तो करताना जुन्या मालकिणींना दाराबाहेर ठेवलं. कौतुक लिहिताना हे गाळणं मला पटत नाही.

मेनकांना प्रोत्साहन देणाऱ्यांत ॲना पाव्हलोव्हाचं नाव येतं. ही रशियाची जगप्रसिद्ध बॅलेरिना. १९२० च्या दशकात ती दोनदा भारतात येऊन गेली आणि इथल्या बऱ्याच लोकांना आपल्याच नाचाकडे वळून बघायला लावून गेली. चेन्नईच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल त्यातल्याच, उदयशंकरांनी तर तिच्याबरोबर कामच केलं. या पाव्हलोव्हाचं शिक्षण कसं झालं बघा. १८९१ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी तिला सेंट पीटर्सबर्गच्या शाही बॅले शाळेत घेतलं. तिथे मुलं राहायलाच असत. वर्षानुवर्षं रोज सकाळी भिंतीच्या दांड्याला धरून तेच ते व्यायाम, मग संगीत, मग इतर शिक्षण, आणि सगळा खर्च झारच्या तिजोरीतून. आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं. गुरू मिळाला तर त्याच्या मर्जीवर, त्याच्या घरी, त्याला जे आणि जेव्हा शिकवावंसं वाटेल ते. मुलीला तर गुरूच्या घरी पाठवणं अशक्यच.

आणि हो, 'बॅले' या शब्दाने गोंधळ होतो. गुलाबी बूट घालून बोटांच्या टोकावर उभं राहणं असं इथे काही नव्हतं. १९३० च्या सुमाराला आपल्याकडे बॅले म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून, ठरलेल्या संगीतावर, नाचातून सांगितलेली गोष्ट. मेनकांचे कृष्णलीला, मेनका लास्यम, देवविजय नृत्य हे त्या अर्थाने बॅले होते.

कागदावर हे सोपं वाटतं. पण कथक हा मुळात एकट्याचा नाच आहे. नाचणारा आणि तबलजी यांच्यातला तो संवाद असतो. मनात आलं तर तिहाई लांबवली, समोरच्यांनी वाहवा केली तर तोच तुकडा पुन्हा घेतला. सम गाठली की बाकी सगळं माफ! आता हेच आठ-दहा जणांनी एकत्र करायचं म्हणा. एकाने अर्धी मात्रा लांबवली की बाकीचे कोसळले. म्हणजे सुधारणेला जागा नाही, प्रत्येक मात्रा आधी ठरलेली. कोण कुठून येणार, कुणाची पाठ प्रेक्षकांकडे, कोणत्या मात्रेला ओळ तुटून गोल होणार, सगळं लिहून काढल्यासारखं पक्कं. आपल्या भाषेत सांगायचं तर एकट्या मशीनची असेंब्ली लाइन करायची, आणि मशीनचा जीवही ठेवायचा. त्यांनी संगीतासाठी लखनौचे सरोदिये सखावत हुसेन खाँ यांच्यासारखी माणसं बरोबर घेतली. पाश्चात्त्य संगीतातलं लहानपणचं शिक्षण त्यांना इथे कामी आलं असणार असं माझं मत आहे. व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीला दहा जणांनी एकाच वेळी सुरू होणं आणि एकाच वेळी थांबणं ही गोष्ट नवी नसते.

१९३६ ते १९३८ त्यांचा ताफा युरोपात होता. शेकडो प्रयोग झाले. सुरुवातीलाच, जुलै १९३६ मध्ये, बर्लिनला ऑलिंपिकच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली होती आणि तिथे मेनकांच्या बॅलेने बक्षीस मिळवलं. त्यानंतर महिन्याभरात त्याच शहरात ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला ८-१ ने हरवलं. ते आपल्याला शाळेत शिकवतात, हे नाही. पण ती स्पर्धा नाझी सरकारने भरवलेली होती. अमेरिकेच्या मार्था ग्रॅहमने ते आमंत्रण नाकारलं होतं, कारण तिथे तिच्या ज्यू सहकाऱ्यांना जागा नव्हती. मेनका गेल्या. गुलाम देशातून आलेल्या ताफ्याला युरोपचं सगळ्यात मोठं दार उघडलं होतं, त्यांनी ते घेतलं. समजू शकते, तरी टोचतं. १९३८ सालच्या 'डेर टीगर फॉन एश्नापूर' या जर्मन सिनेमात त्यांच्या ताफ्याचा नाच आहे. गोष्ट भारतातल्या एका संस्थानिकाची, तीही गोऱ्यांनी कल्पना केलेल्या भारताची, आणि मधेच काही मिनिटं खरे कथकवाले!

परत आल्यावर त्यांनी खंडाळ्याला 'नृत्यालयम्' उभं केलं. मुंबई-पुणे रेल्वेवरचं घाटमाथ्यावरचं गाव, शहराच्या गोंगाटापासून दूर. राहून शिकायचं. कथक, कथकळी आणि मणिपुरी, तिन्ही एकाच छताखाली. गुरूच्या घरी मुलीला पाठवायचं नाही ना, मग गुरूंनाच एका छताखाली आणायचं, असा हा सरळ हिशेब. स्वतः मेनकांनी कथकबरोबर करुणाकरन यांच्याकडे कथकळी आणि नवकुमार यांच्याकडे मणिपुरीचे धडे घेतले होते. तेव्हा हे सोपं काम नाही हे त्यांना अंगाने माहीत होतं.

किती अवघड, ते सांगते. कथकमध्ये गुडघे सरळ, पाठ ताठ, पाऊल सपाट जमिनीवर. दोन्ही पायांत शंभर-शंभर घुंगरू बांधून सोळा मात्रांत तत्कार करायचा आणि प्रत्येक आघात वेगळा ऐकू आला पाहिजे. चक्कर घ्यायची डाव्या टाचेवर. डोळे एका बिंदूवर धरले नाहीत तर पाचव्या चक्करीला भिंत फिरायला लागते, स्वानुभव! हात जवळ घेतले की वेग वाढतो. कोनीय संवेग आम्हाला फर्स्ट इयरला शिकवला, क्लासमधल्या ताईंनी तो सहावीतच शिकवला होता, फक्त नाव सांगितलं नव्हतं.

आता कथकळी. इथे बरोबर उलटं. गुडघे बाहेर वाकवून बसकण मारायची, पायाच्या बाहेरच्या कडेवर उभं राहायचं, आणि निम्मा नाच डोळे, भुवया, गाल यांनी करायचा. केरळात ही मुलं पहाटे उठून नुसते बुबुळ फिरवण्याचा व्यायाम करतात, पावसाळ्यात अंगाला तेल लावून गुरू पायांनी मालिश करतात तेव्हा कुठे ते शरीर वळतं. आणि मणिपुरी? तिथे चेहऱ्याने काही दाखवायचंच नाही. पाऊल आपटायचं नाही, घुंगरू नाहीत, गुडघे जवळ, सगळं अंग श्वासाबरोबर वळत राहतं.

म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलीला एका वर्गात गुडघा ताठ ठेव म्हणून ओरडा बसणार, दुसऱ्यात वाकवला नाही म्हणून, आणि तिसऱ्यात आवाज केला म्हणून. एका शरीरात तीन गुरुत्वमध्य! शुद्ध घराणेवाल्यांना हे पटणार नाही. माझ्या ताईंनाही पटायचं नाही, एका वेळी एकच शिका असं त्या म्हणायच्या. पण बॅलेत राजा, राक्षस, अप्सरा, गोपी सगळे लागतात. राक्षसाला कथकळीचं बळ पाहिजे, गोपीला मणिपुरीची मऊ चाल. गोष्ट सांगायची तर शब्दसंग्रह मोठा हवा, असं यामागचं गणित मला दिसतं.

त्याच काळात देशात अशाच आणखी संस्था उभ्या राहत होत्या. केरळात वळ्ळत्तोळ यांचं कलामंडलम १९३० पासून, चेन्नईत रुक्मिणीदेवींचं कलाक्षेत्र १९३६ पासून, हिमालयात अल्मोड्याला उदयशंकरांचं केंद्र. पहिल्या दोन आजही उभ्या आहेत. अल्मोडा काही वर्षांतच बंद पडलं आणि खंडाळ्याचं नृत्यालयम्ही टिकलं नाही. महाराष्ट्रातली एवढी मोठी गोष्ट, आणि महाराष्ट्रातच कुणाला फारशी माहीत नाही.

मेनकांचं शेवटचं मोठं काम १९३९ चं: कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र' बॅलेत. इथे नागपूरकरांनी कान टवकारावेत. मेघदूत आणि रामटेक आपण बरोबर लक्षात ठेवतो, पण मालविका ही चक्क विदर्भाची राजकन्या आहे हे किती जणांना माहीत असेल? भाऊ कैदेत, स्वतः ती ओळख लपवून विदिशेला अग्निमित्राच्या राणीकडे दासी म्हणून राहते, आणि तिथे नाच शिकते. नाटकाच्या शेवटी विदर्भाची दोन राज्यं होतात आणि मधली हद्द असते वरदा नदी, म्हणजे आपली वर्धा. (वेगळ्या विदर्भवाल्यांनी यावरून काही काढू नये!)

पण मेनकांनी हेच नाटक का घेतलं असेल? मला वाटतं, यात नृत्यशिक्षकांची गोष्ट आहे म्हणून. गणदास आणि हरदत्त हे दरबारातले दोन नाट्याचार्य. आपल्यात श्रेष्ठ कोण यावरून त्यांचं भांडण जुंपतं. निवाडा कसा करायचा? तर दोघांनी स्वतः नाचून दाखवायचं नाही. आपल्या शिष्येला नाचवायचं, ती किती शिकली त्यावरून गुरूची परीक्षा. गणदासाची शिष्या मालविका, आणि ती जिंकते. दीड हजार वर्षांहून जुनं हे नाटक आणि त्यात शिकवणाऱ्याचा निकाल शिकणाऱ्याच्या अंगावरून लागतोय! आमच्या कॉलेजातही ही पद्धत सुरू करायला हरकत नाही, असं सुचवून बघते.

या कसोटीवर मेनकांना लावलं तर काय दिसतं? मुंबईत १९२८ साली जन्मलेली दमयंती जोशी ही मराठी मुलगी. सोखी दांपत्याचं स्वतःचं मूल गेलेलं होतं. त्यांनी दमयंतीला दत्तक मागितलं, पण तिची आई वत्सला जोशी मूल सोडायला तयार झाली नाही. मग असं ठरलं की दोघांनी मिळून मुलगी वाढवायची. माय-लेक दोघी मेनकांच्या आश्रयाला आल्या. आईला काम, मुलीला नाच आणि बरोबर शाळेचं शिक्षणही. दमयंती लहानपणीच ताफ्याबरोबर युरोप फिरून आली, पुढे ताफ्यातली मुख्य नर्तकी झाली. वत्सलाबाईंबद्दल याहून जास्त कुठे वाचायला मिळत नाही. पण मला या सगळ्या गोष्टीत त्या मेनकांइतक्याच मोठ्या वाटतात. एवढ्या मोठ्या घराला नाही म्हणायचं, आणि तरी मुलीचा रस्ता अडवायचा नाही!

दुसरी विद्यार्थिनी शिरीन वजिफदार. पारशी मुलगी, खंडाळ्याला शिकली. पारशी समाजातून भारतीय शास्त्रीय नाचाकडे वळलेल्या पहिल्या मुलींपैकी ती. समाजाचा विरोध सोसून तिने आपल्या खुर्शीद आणि रोशन या दोघी बहिणींनाही नाच शिकवला. नंतर ती नृत्यसमीक्षक झाली, २०१७ मध्ये वारली.

मेनका १९४७ साली गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती. त्याच वर्षी पुण्यात रोहिणी भाटेंनी 'नृत्यभारती' सुरू केली आणि मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या मुली राजरोस कथक शिकू लागल्या. बर्डीतल्या आमच्या वीस जणींपैकी कुणाच्याही घरी घुंगरांवरून भांडण झालेलं मला आठवत नाही. भांडण झालं ते बारावीच्या क्लासची वेळ आणि नाचाची वेळ एक झाली तेव्हा.

दमयंतीबाई नंतर अच्छन महाराज, लच्छू महाराज आणि शंभू महाराजांकडे शिकल्या. ताफ्यात वाढलेल्या या मुलीने नाव कमावलं ते एकटीच्या कथकवर, आणि साडी नेसून कथक नाचायची पद्धत रूढ करण्याचं श्रेय त्यांना देतात. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० मध्ये पद्मश्री. २००४ मध्ये त्या मुंबईत वारल्या. मधल्या काळात त्यांनी लखनौला शिकवलं आणि खैरागढच्या इंदिरा कला विद्यापीठातही. खैरागढ म्हणजे आपल्यापासून काही फार लांब नाही. नागपूरहून हावडा लाइनने निघायचं, गोंदिया गेलं, डोंगरगड गेलं की राजनांदगावला उतरायचं आणि पुढे बस.